इसार देण्याआधी: कोकणातलं जुनं घर घ्यावं की नवं बांधावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचं जोडपं, दोघंही पन्नाशीच्या पुढे, हातात ३० लाख. दापोली तालुक्यातल्या एका वाडीत ६ गुंठ्यांतलं जुनं कौलारू घर १६ लाखांना मिळतंय. तिथून चार किलोमीटरवर ५ गुंठ्यांचा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट ९ लाखांना आहे. दोघांच्याही नावावर कुठे शेती नाही. सध्या वर्षातून सहा-सात वेळा जायचं, निवृत्तीनंतर सलग काही महिने राहायचं. तर जुनं घर घेऊन दुरुस्त करावं, की प्लॉट घेऊन दोन खोल्यांचं स्लॅबचं नवं बांधावं? इसारही मागतायत.

मी २२ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात घरबांधणीचं काम करतोय. निम्मी कामं नव्या घरांची, निम्मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची. त्यामुळे दोन्हीकडून माझं पोट भरतं, मला एक बाजू घेऊन फायदा नाही. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटतं की तो खर्चाचा प्रश्न आहे. तसा तो नाही. तुमचाच हिशेब मांडून बघू.

प्लॉट ९ लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी मिळून साधारण ६० हजार धरा. ६०० चौरस फुटांचं जांभ्या दगडाचं साधं घर, माझ्याकडे सध्या २,२०० रुपये फुटाच्या आसपास पडतं, म्हणजे १३ लाख २० हजार. शोषखड्डा, पाण्याची टाकी, बोअर किंवा विहिरीत वाटा, वीजजोडणी, पुढचा गडगा (दगडी कुंपण) आणि फाटक यात साडेचार लाख कुठे गेले ते कळत नाही. झाले सव्वासत्तावीस लाख. आता जुनं घर: १६ लाख, कागदपत्रांना एक लाख. घर ९०० फुटांचं असलं तरी उतार आणि पागोळ्या धरून छपराचं क्षेत्र १,३०० फुटांच्या खाली येत नाही. नवे वासे-रिपा आणि निवडून पुन्हा चढवलेली कौलं यांना साडेपाच लाख. आत संडास-न्हाणीघर, वायरिंग, जमीन, स्वयंपाकघराचा ओटा यांना चार. बेरीज साडेसव्वीस लाख. म्हणजे फरक पाऊण लाखाचा, आणि तेवढी चूक तर माझ्या अंदाजातच असते. पैशावरून निर्णय होणार नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. घराखालची जमीन कुणाची, आणि ती तुम्हाला विकत घेता येते का?

जुन्या घराचा मालक तुम्हाला काय दाखवेल ते मी न बघता सांगतो. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा, म्हणजे नमुना ८. त्यावर त्याच्या वडिलांचं नाव असेल, घर नंबर असेल, खाली ग्रामसेवकाचा शिक्का. लोक तो कागद मालकी म्हणून घेऊन येतात. तो मालकीचा कागद नाही, कर कोण भरतो याची नोंद आहे. मालकीची नोंद सातबाऱ्यावर असते, किंवा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर). २०२० मध्ये स्वामित्व योजना आल्यापासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन बऱ्याच गावांत मिळकत पत्रिका निघाल्यात. तुमचं घर अशा पत्रिकेवर असेल तर माझी निम्मी काळजी संपली.

पण कोकणातली गोम अशी की इथली वस्ती वाड्यांमध्ये विखुरलेली. गावठाण म्हणून नकाशावर जी जागा आहे ती एखाद्या देवळाजवळ छोटीशी, आणि माणसं राहतात दोन किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत, आपापल्या जमिनीत. काही गावांत तर गावठाणच नाही. त्यामुळे तीन पिढ्या उभं असलेलं घरही कागदोपत्री शेतजमिनीवर असू शकतं. आणि १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, मग तिच्यावर घर असो की गोठा. त्यातच ६ गुंठे म्हणजे तुकडा. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आहे, त्याखालचा तुकडा शेती म्हणून वेगळा करून विकायला तुकडेबंदी आडवी येते. म्हणून म्हणतो, तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत असं तुम्हाला वाटतंय, कदाचित एकच असेल.

इथे एजंट दोन वाटा सुचवतो. एक, ‘घर गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत आहे, आपोआप एनए होतं’. जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड तसं सांगतं खरं, पण अंतर मोजायचं ते नकाशावरच्या गावठाणाच्या हद्दीपासून, वाडीतल्या शेवटच्या घरापासून नव्हे. शिवाय रक्कम भरून एनए झाल्याचा लेखी दाखला, म्हणजे सनद, हातात आली पाहिजे, आणि ती विकणाऱ्याने काढायची, तुम्ही नव्हे. दुसरी वाट म्हणजे कुणाच्या तरी सातबाऱ्यावर तुमचं नाव घुसवून तुम्हाला शेतकरी करायचं. त्याच्या वाटेला जाऊ नका. हां, पत्नीच्या माहेरी शेती असेल आणि त्या सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचं नाव खरोखर लागलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तो उतारा वकिलाला दाखवा, मग व्यवहार त्यांच्या नावाने होऊ शकेल. लोकांना आपल्याच घरातली ही गोष्ट आठवत नाही.

सातबारा हाती आला की वर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते पाहा. वर्ग २ (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, किंवा इतर हक्काच्या रकान्यात कुळकायद्याचं कलम ४३ लिहिलेलं असेल, तर तो विषय सुटल्याशिवाय इसार नको. मग नावं मोजा. मी एकदा एका उताऱ्यावर ३१ नावं मोजली होती, त्यातली निम्मी माणसं वारलेली. मालक म्हणाला, ‘‘साहेब, वाटप झालेलं आहे. तोंडी. गावात कुणालाही विचारा.’’ गावात विचारलं तर सगळ्यांनी हो म्हटलं. पण दुय्यम निबंधकासमोर गाव सही करत नाही.

२०११ मधला माझ्याच कामाचा किस्सा. ठाण्याच्या एका गृहस्थांनी गुहागर भागात घर घेतलं. विकणाऱ्या तिन्ही भावांच्या सह्या होत्या, दुरुस्ती मी केली. दुसऱ्या वर्षी गणपतीला ते आले तर दाराला दुसरंच कुलूप. त्या भावांच्या आत्येचा मुलगा मुंबईहून आला होता, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आजोबांच्या मागे आत्यांचीही नावं वारस म्हणून लागायला हवी होती, ती लागलीच नव्हती. त्यांचं हक्कसोड पत्र कुणी घेतलं नव्हतं. शेवटी मिटलं, पण मधले चार पाऊस घर बंद राहिलं आणि मी घातलेलं छप्पर मीच पुन्हा उतरवलं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला छपराचा अंदाज देण्याआधी वंशावळ मागतो. मुली, बहिणी, आत्या, सगळ्या नावांसकट. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच हक्क मिळालाय, हे अजून पुष्कळ भावांना ऐकू आलेलं नाही.

एवढ्या चाळणीतून घर निघालं, तर मग ते बघायला जा. बरोबर एक लांब पेचकस, टॉर्च आणि गावातला एखादा म्हातारा सुतार घ्या. दुपारी बारा-एकला जा, आतून दारं-खिडक्या लावून घ्या आणि वर बघा. जिथून उजेडाचे ठिपके दिसतात तिथली कौलं फुटलीत किंवा सरकलीत. ठिपके असले म्हणून घाबरू नका, वानरांच्या गावात ते असणारच. कौल बदलता येतं. बघायचं ते त्या ठिपक्याखालचं लाकूड. वासा जिथे भिंतीवर टेकतो ते टोक सगळ्यात आधी जातं, कारण तिथे ओल मुरते आणि वारा लागत नाही. पेचकसाचं टोक तिथे दाबा. चांगल्या सागाच्या किंवा फणसाच्या वाशात ते दोन सूतही जात नाही. नासलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं आत जातं आणि बाहेर काढताना तपकिरी भुसा घेऊन येतं. वाळवीची मातीची नळी भिंतीवर दिसली तर तिचा इंचभर तुकडा खरवडून टाका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. नळी ओल्या मातीने सांधलेली असेल तर आत वस्ती आहे. तशीच तुटलेली असेल तर वाळवी कधीच गेलेली असू शकते.

एक गंमत तुम्हाला दिसेल. चुलीच्या वरचे वासे काळे कुळकुळीत आणि ठणठणीत असतात, आणि पडवीचे खाल्लेले. चुलीच्या धुराने पन्नास वर्षं लाकूड राखलं. गॅस आला, मग माणसं मुंबईला गेली, धूर बंद झाला आणि लाकूड उघडं पडलं. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर जातं ते यामुळे. ओल बाहेर पडत नाही, मे महिन्यात कौलं शाकारायला कुणी नसतं, आणि एक कौल सरकल्याचं ऑगस्टपर्यंत कुणाला कळत नाही. म्हणून ‘शेवटचा पाऊस या घरात कोण होतं?’ हे मी किमतीच्या आधी विचारतो. घर दहा वर्षं बंद असेल तर छपराचा सगळा खर्च धरूनच बोला.

भिंतींचं त्या मानाने सोपं. जांभ्याची भिंत मातीच्या दरजेत असली तरी शंभर वर्षं उभी राहते. कोपऱ्यातली फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर जोतं एका बाजूला बसलंय, ती मला नको. नुसत्या भेगा चालतात. मातीच्या भिंतीवर कुणी हौसेने सिमेंटचा गिलावा केला असेल तर बोटाने वाजवून बघा, पोकळ वाजेल. तो काढून टाकण्याची मजुरी हिशेबात धरा. आणि घरापर्यंत ट्रक जातो का? पाखाडीने पन्नास पायऱ्या चढून जावं लागत असेल तर वाळूपासून फरशीपर्यंत सगळं डोक्यावरून जाणार, वर दिलेला दुरुस्तीचा आकडा सहज पाऊणपट वाढतो.

आता प्लॉट. एनए म्हटलं की लोक निर्धास्त होतात, तसं होऊ नका. एनए आदेश, मंजूर रेखांकन आणि तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा, तीनही हवेत. ‘एनए होईल’ हा भविष्यकाळ विकत घेऊ नका. रेखांकनातला रस्ता जागेवर आहे का ते पायांनी चालून बघा. समुद्र दिसतो म्हणून किंमत जास्त सांगत असतील तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामबंदीचा, नकाशा आधी, चहा नंतर. भरतीरेषेपासून पहिल्या दोनशे मीटरमध्ये आपल्या बहुतेक किनारी गावांत नवं घर बांधायला मिळत नाही.

उताराकडे मी फार लक्ष देतो, आणि २०२१ नंतर जरा जास्तच. त्या वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं, त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. छान दृश्य दिसावं म्हणून डोंगर कापून सपाट केलेल्या प्लॉटमध्ये एक अर्धा कापलेला असतो आणि एक अर्धा भरावाचा. भरावावर पहिल्याच वर्षी घर उभं केलं तर ते बसतं, आणि मागची कापलेली दरड सुटी असते. सपाट दिसणाऱ्या प्लॉटच्या मागे ताजी लाल माती उघडी दिसली की मी गाडीतून उतरतही नाही. उताराचाच प्लॉट असेल तर कापू नका, दोन पातळ्यांवर छोटं घर करा. तुम्हाला ६०० फूटच हवंय, ते सहज होतं.

बांधकामाचा हंगाम दसऱ्यापासून मे अखेरपर्यंत. माझा आग्रह असा की पहिल्या हंगामात फक्त जोतं, पाण्याची सोय आणि गडगा करावा, मग जोत्याला एक पाऊस खाऊ द्यावा. चिराही आधीच आणून ठेवला तर उत्तम; खाणीतून ताजा निघालेला जांभा नरम असतो, हवा लागली की कडक होतो. दुसऱ्या दिवाळीनंतर भिंती आणि छप्पर. लोकांना हे पटत नाही, त्यांना गणपतीला गृहप्रवेश हवा असतो. डोंबिवलीतून दर शनिवारी येऊन काम बघणं होणार नाही, हेही मान्य करा. त्यासाठी गावात एक विश्वासाचा माणूस लागतो, आणि तो प्लॉटच्या एजंटाचा भाऊ नसावा.

छप्पर कौलांचं की स्लॅबचं? तुम्ही स्लॅब म्हटलंय. कोकणात कुठल्याही रस्त्याने जा आणि स्लॅबच्या घरांवर काय दिसतं ते बघा: लोखंडी पाइपांवर पत्र्याची शेड. म्हणजे आधी स्लॅबचे पैसे, मग स्लॅब गळतो म्हणून पत्र्याचे. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात सपाट छप्पर ही पाण्याशी घातलेली पैज आहे. मी लोखंडी सांगाड्यावर मंगलोरी कौलं घालतो, खाली छोट्या न्हाणीघरावर तेवढा स्लॅब, त्यावर टाकी. समुद्राजवळ असाल तर सांगाडा गॅल्व्हनाइज्ड घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे मी पुढचे आठ महिने दुसरं काम केलं नाही. पत्रे अख्खेच्या अख्खे उडून शेजारच्या बागेत गेले होते. कौलारू घरांची कौलं गेली, पण बऱ्याच ठिकाणी सांगाडा जागेवर होता. सगळ्यात वाईट नुकसान घरावर पडलेल्या झाडांनी केलं. घराला खेटून उभा असलेला जुना आंबा फोटोत फार सुंदर दिसतो.

कंटेनरच्या आणि तयार केबिनच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. मे महिन्यात आत बसवत नाही, खाऱ्या हवेत गंजतात, आणि बांधकाम परवानगी त्यांनाही लागते. पुढे जाऊ.

पाणी. इथे माझीच चूक सांगतो. २००९ मध्ये एका जोडप्यासाठी मी जागा पसंत केली ती जानेवारीत. विहीर काठोकाठ, हात घातला तर पाणी लागत होतं. मी छातीठोकपणे सांगितलं, पाण्याची काळजी नको. मे महिन्यात त्यांचा फोन आला, बादली खाली खडखड वाजतेय म्हणून. कोकणात पाऊस मोप पडतो आणि जांभ्याच्या सड्यातून (उघड्या कातळी पठारातून) चाळणीसारखा खाली निघून जातो. ती विहीर सड्याच्या कडेला होती, हे मला कळायला हवं होतं. पुढे दोन उन्हाळे टँकर त्यांनी विकत घेतला, मला बोलले नाहीत, पण मी समजलो. तेव्हापासून जानेवारीतली विहीर मी बघितली न बघितली सारखीच धरतो.

मग तुमच्यासाठी काय? मिळकत पत्रिका आहे, किंवा एनएची सनद आहे, वंशावळीतल्या सगळ्या सह्या मिळतायत, मागच्या पावसात घरात माणूस होतं, आणि ट्रक दारात जातो, असं असेल तर मी जुनं घर घेईन. भिंती आणि जोतं ठेवून फक्त छप्पर नवं करेन. तुमच्या वयाला आणि तुमच्या येण्या-जाण्याला ते सोपं पडेल: वीज आहे, विहिरीत वाटा आहे, शेजार आहे, आणि दोन हंगाम बांधकामामागे धावायला नको. जमिनीचा कागद किंवा सगळ्या सह्या, यातलं एक जरी नसेल तर ते घर कितीही आवडलं तरी सोडा, घासाघीससुद्धा करू नका. १६ चे १२ झाले म्हणून आत्या सही करणार नाहीत. मग प्लॉट, पण छोटं घर आणि दोन हंगामांत. आणि निवृत्तीला अजून पाच-सहा वर्षं असतील तर आणखी एक सांगतो, जे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे: त्याच वाडीत एखादी खोली वर्षभर भाड्याने घ्या आणि जुलैमधले पंधरा दिवस तिथे सलग राहा. चार दिवस वीज नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी धरतंय, बाहेर बेडूक. काहींना हेच हवं असतं. माझ्याकडच्या काही जणांनी मात्र पंधरा दिवसांनी मला ‘प्लॉटचं राहू द्या’ म्हणून सांगितलं, आणि त्यांचे २५ लाख वाचले.

इसार मागतायत असं तुम्ही लिहिलंय. थांबवा. जुन्या घराचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि त्यावरचे सगळे फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) आधी काढून घ्या. तोवर मे येईल. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे कुणी पंप लावायच्या आधी, दोन्ही जागांच्या विहिरींवर जा. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा, वर काढा आणि ओली दोरी हाताने मोजा. चार हातांपेक्षा कमी भरली तर मला फोन करू नका, पाण्याची दुसरी सोय शोधा. जास्त भरली तर बोलू.